एक्सएमएलसाठी प्लगइन निवडताना: आधी स्कीमा, मग संपादक

रत्नागिरीच्या एका लहान सॉफ्टवेअर कार्यालयातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघे जण मिळून एका मच्छीमार सहकारी संस्थेसाठी जावामध्ये प्रणाली तयार करत आहेत. नौकांवरच्या जीपीएस यंत्रांतून येणाऱ्या जीपीएक्स फाइली, वादळवाऱ्याच्या इशाऱ्यांचे कॅप स्वरूपातले संदेश, नकाशासाठी लागणाऱ्या केएमएल फाइली आणि संस्थेच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निर्यात झालेले एक्सएमएल अशा चार प्रकारच्या फाइली त्यांना हाताळायच्या आहेत. या चारही एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅग लावून माहितीचे घटक दाखवणाऱ्या मजकूर-स्वरूपात असतात. कोड लिहिण्यासाठी दोघे एक्लिप्स हा संपादक वापरतात, एक जण व्हीएस कोड वापरतो. संगणकांत 8 जीबी रॅम आहे, पावसाळ्यात इंटरनेट वरचेवर जाते आणि मासेमारी बंदी 31 जुलैला संपण्यापूर्वी काम उभे राहिले पाहिजे. त्यांनी विचारले आहे की, या सगळ्यासाठी सर्वांत चांगले एक्सएमएल प्लगइन, म्हणजे संपादकाला जोडायचा पूरक भाग, कोणते?

तुमच्या हाताशी वेळ कमी आहे, म्हणून थेट उत्तर आधी देतो. एक्लिप्समध्ये वाइल्ड वेब डेव्हलपर आणि व्हीएस कोडमध्ये रेड हॅटचे ‘एक्सएमएल’ नावाचे एक्स्टेन्शन बसवावे. दोन्हींच्या आत लेमिंक्स हा एकच भाषा-सर्व्हर, म्हणजे फाइल तपासून सूचना देणारा पडद्यामागचा कार्यक्रम, चालतो. त्यामुळे दोन्हीकडचे प्लगइन आणि स्कीमा (फाइलीचे नियम सांगणाऱ्या फाइली) सारखे ठेवले, तर तिघांपैकी कोणीही फाइल उघडली तरी तीच चूक, त्याच ओळीवर, त्याच शब्दांत दिसते. दोन वेगळे संपादक वापरणाऱ्या लहान चमूला हा फायदा बाकी सगळ्या सोयींपेक्षा मोठा आहे, असे माझे मत आहे, कारण ‘माझ्याकडे तर लाल रेघ दिसत नाही’ या वाक्याने सुरू होणाऱ्या चर्चेत अर्धा दिवस सहज जातो. मात्र हे उत्तर तुमच्या परिस्थितीपुरते आहे. कामाचे स्वरूप बदलले तर ते बदलेल, म्हणून त्यामागची कारणे सविस्तर सांगतो.

प्लगइन चांगले आहे असे म्हणताना आपण बहुधा टॅगांचे रंग, बंद होणारा टॅग आपोआप उमटणे आणि लांब भागाची घडी घालता येणे एवढेच पाहतो. ही कामे आज जवळपास प्रत्येक संपादक करतो, तेव्हा त्यांवरून निवड करण्यात अर्थ नाही. खरा फरक पडतो तो त्या प्लगइनला तुमच्या फाइलीचे नियम किती कळतात यात. फेब्रुवारी 1998 मध्ये एक्सएमएलचे मानक प्रसिद्ध झाले तेव्हापासून दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत: फाइल सुघटित असणे आणि फाइल वैध असणे. प्रत्येक टॅग योग्य क्रमाने बंद झालेला असला, अवतरणचिन्हे जागेवर असली की फाइल सुघटित होते. परंतु कोणता घटक कोणाच्या आत, कितव्या क्रमाने आणि कोणत्या मूल्यांसह यावा हे स्कीमा ठरवतो, आणि त्या कसोटीला उतरली तरच फाइल वैध ठरते.

कॅपचे उदाहरण घेऊ. कॅप 1.2 हे ओएसिस या संस्थेने 2010 मध्ये मंजूर केलेले मानक आहे आणि आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही इशाऱ्यांची यंत्रणा त्यावरच उभी आहे. त्यात ‘अर्जन्सी’, ‘सिव्हिअरिटी’ आणि ‘सर्टन्टी’ हे तीन घटक याच क्रमाने यावे लागतात, आणि ‘सिव्हिअरिटी’साठी पाचच मूल्ये चालतात. चाचणीसाठी हाताने संदेश लिहिताना क्रम उलटला किंवा मूल्याच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकले, तरी फाइल सुघटितच राहते. नुसते रंग दाखवणारा संपादक काहीच बोलत नाही. स्कीमा जोडलेले प्लगइन मात्र त्या जागी कर्सर नेताच पाचही मूल्यांची यादी पुढे करते. वेळेच्या बाबतीतही असेच आहे. जीपीएक्समध्ये वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत, शेवटी ‘झेड’ अक्षर लावून येते, तर कॅपचा स्कीमा ‘झेड’ स्वीकारतच नाही. त्याला +05:30 असा स्पष्ट फरक लिहिलेला लागतो. एका फाइलीतली वेळ दुसरीत जशीच्या तशी चिकटवली की चूक होते, आणि ती टंकतानाच लक्षात येणे किंवा संस्थेच्या कार्यालयात प्रणाली बंद पडल्यावर लक्षात येणे यांतली निवड तुमच्या प्लगइनवर अवलंबून असते.

येथे एक सूचना आवर्जून करतो. लेमिंक्सला फाइलीचा स्कीमा सापडला नाही, तर ते केवळ सुघटितपणा तपासते आणि ‘या फाइलीला व्याकरण जोडलेले नाही’ असा फिकट इशारा देते. हा इशारा इतका सौम्य असतो की नजरेतून सुटतो, आणि लाल रेघ नाही म्हणजे फाइल वैध आहे असा समज होतो. सेटिंगमध्ये जाऊन त्याची पातळी ‘वॉर्निंग’पर्यंत वाढवावी. मी कोणत्याही नव्या संगणकावर हे प्लगइन बसवले की पहिला बदल हाच करतो.

आता तुमच्या चार प्रकारांकडे पाहू. कॅप 1.2, जीपीएक्स 1.1 आणि केएमएल 2.2 या तिन्हींचे एक्सएसडी या भाषेत लिहिलेले स्कीमा जाहीरपणे उपलब्ध आहेत, त्यामुळे त्यांच्याबाबत अडचण नाही. हिशेबाच्या फाइलीची गोष्ट वेगळी आहे. अशा सॉफ्टवेअरच्या निर्यातीसोबत स्कीमा मिळेलच याची खात्री नसते. तसे असल्यास लेमिंक्सकडून नमुन्याच्या फाइलीवरून एक्सएसडी तयार करून घेता येतो. हा स्कीमा अर्थातच कच्चा असतो, कारण नमुन्यात जे दिसले तेवढेच त्याला कळते. एखादा घटक नमुन्यात एकदाच आला असेल तर तो एकदाच येतो असे ते धरून चालते. म्हणून नमुना शक्य तितका भरगच्च निवडावा आणि तयार झालेला स्कीमा हाताने दुरुस्त करावा. हिशेबाच्या काही निर्यातींत आणखी एक अडचण येते: त्यांत क्रमांक 4 सारख्या, पडद्यावर न दिसणाऱ्या नियंत्रण-अक्षरांचे संदर्भ असतात. एक्सएमएल 1.0 मध्ये 32 च्या खालच्या क्रमांकांच्या अक्षरांपैकी टॅब आणि ओळ बदलणारी दोन अक्षरे एवढीच चालतात, तेव्हा प्लगइन तेथे चूक दाखवते ते योग्यच असते. प्लगइनची तपासणी बंद करण्याऐवजी, फाइल आत घेतानाच ही अक्षरे गाळणारा छोटा टप्पा तुमच्या जावा प्रणालीत ठेवावा आणि मूळ फाइल न बदलता जपून ठेवावी.

इंटरनेटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि प्लगइनची तुलना करणाऱ्या लेखांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. फाइलीच्या सुरुवातीला स्कीमाचा वेबपत्ता लिहिलेला असतो आणि प्लगइन तो स्कीमा त्या पत्त्यावरून उतरवून घेते. लेमिंक्स एकदा उतरवलेला स्कीमा संगणकावर साठवून ठेवते, हे चांगलेच आहे. परंतु नव्या सहकाऱ्याच्या संगणकावर तो साठा रिकामा असतो, आणि नेमका त्याच दिवशी पावसाने दगा दिला की तपासणी होत नाही. शिवाय एका स्कीमाच्या पोटात दुसरे स्कीमा असतात. केएमएल 2.2 चा एक्सएसडी स्वतः आणखी दोन स्कीमा आयात करतो. मुख्य फाइल उतरवली आणि त्या दोन राहिल्या, तर मिळणारा चूक-संदेश भलत्याच ठिकाणी बोट दाखवतो. दर वेळी जाळ्यावरून स्कीमा मागवण्याची सवय इतरांनाही त्रासदायक ठरते. एक्सएमएलचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 2008 मध्ये जाहीर केले होते की, डीटीडी या जुन्या प्रकारच्या स्कीमासारख्या, बदल न होणाऱ्या फाइलींसाठी त्यांच्या सर्व्हरवर दिवसाला 13 कोटींपर्यंत मागण्या येत होत्या.

यावरचा उपाय म्हणजे कॅटलॉग. ओएसिसने त्याचेही मानक 2005 मध्ये ठरवले आहे. प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ‘स्कीमा’ नावाचा उपफोल्डर करावा, लागणारे सर्व एक्सएसडी त्यात ठेवावेत, आणि अमुक वेबपत्ता किंवा अमुक नेमस्पेस (घटक कोणत्या शब्दसंग्रहातले ते सांगणारे नाव) आढळल्यास आपल्या फोल्डरमधली अमुक फाइल वापरावी असे सांगणारी छोटी कॅटलॉग फाइल लिहावी. हा सगळा भाग गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, टाकला की तिघांकडे सारखाच राहतो. हे करताना लक्षात ठेवावे की नेमस्पेस वेबपत्त्यासारखा दिसत असला तरी ते केवळ नाव असते. त्या पत्त्यावर स्कीमा असेलच असे नाही. ज्या प्लगइनला कॅटलॉग समजत नाही, ते कोकणातल्या पावसाळ्यात कामाचे नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन. लेमिंक्सला तो समजतो, एक्लिप्सच्या जुन्या वेब टूल्स संपादकालाही समजतो.

दुसरा मुद्दा देवनागरीचा. इशाऱ्यांचा मजकूर, गावांची आणि बंदरांची नावे मराठीत असणार, तेव्हा सगळ्या फाइली यूटीएफ-8 मध्ये ठेवाव्यात आणि फाइलीच्या पहिल्या ओळीत तसे जाहीर करावे. जाहीर एक आणि प्रत्यक्ष दुसरेच असे झाले की एक्सएमएल वाचणारी प्रणाली थांबते किंवा अक्षरे चुकीची वाचते. संस्थेकडून जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली नावांची यादी आली असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी. कोणतेही प्लगइन तुमच्यासाठी हे करणार नाही. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की चूक-संदेशात दिलेला स्तंभ-क्रमांक डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांशी जुळत नाही. ‘हर्णै’ हे नाव आपल्याला दोन अक्षरांचे दिसते, पण युनिकोडमध्ये ती 5 चिन्हे असतात आणि यूटीएफ-8 मध्ये 15 बाइट. त्यामुळे मराठी मजकूर असलेल्या ओळीत चूक शोधताना क्रमांक मोजत बसू नये, प्लगइन जेथे रेघ ओढते तेथे पाहावे. आणि ‘कऱ्हाडे’ सारख्या आडनावातला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जातो: एकीत स्वतंत्र ‘ऱ’ वापरतात, दुसरीत साध्या ‘र’ नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, परंतु एक्सपाथने, म्हणजे एक्सएमएलमधले घटक शोधण्याच्या भाषेने, शोधताना एक सापडते आणि दुसरे सापडत नाही. व्हीएस कोडमध्ये अदृश्य चिन्हे ठळक दाखवण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी. खलाशांच्या आणि नौकामालकांच्या नावांची यादी तयार करताना कोणती पद्धत वापरायची हे आधीच ठरवून घ्यावे.

फाइलींच्या आकाराबद्दल थोडक्यात. दर सेकंदाला एक बिंदू नोंदवणारे यंत्र दिवसभरात 86,400 बिंदू लिहिते; एका बिंदूला सव्वाशे बाइट धरले तरी एका नौकेच्या एका दिवसाची जीपीएक्स फाइल सुमारे 10 एमबीची होते. 8 जीबीच्या संगणकावर अशा फाइली संपादकात उघडणे टाळावे. व्हीएस कोड स्वतःच 20 एमबी किंवा 3 लाख ओळींच्या पुढे अनेक सोयी बंद करतो. पहिले काही शे बिंदू कापून घेतलेला नमुना संपादनासाठी ठेवावा आणि पूर्ण फाइल जावा कार्यक्रमानेच वाचावी. रेड हॅटचे एक्स्टेन्शन जावावाचूनही चालू शकते, कारण त्याच्यासोबत थेट चालणारी बायनरी मिळते, आणि ती निवडल्यास स्मृतीवरचा भार कमी होतो.

फॉरमॅटर म्हणजे फाइल सुबक मांडून देणारी सोय सर्वांना आवडते, आणि तीच येथे धोक्याची ठरू शकते. कॅप संदेशावर डिजिटल स्वाक्षरी असू शकते. तुम्ही तो संदेश उघडून सुबक मांडला आणि जतन केला की मोकळ्या जागा बदलतात आणि स्वाक्षरी पडताळणीत नापास होते. संदेशाचा एक शब्दही न बदलता तो अविश्वसनीय ठरतो. काही फॉरमॅटर लांब मजकूर ठरावीक रुंदीवर तोडतात, त्यामुळे इशाऱ्याच्या मराठी वाक्यात मध्येच नवी ओळ घुसते. म्हणून जतन करताना आपोआप मांडणी करण्याची सेटिंग निदान बाहेरून आलेल्या संदेशांच्या फोल्डरसाठी बंद ठेवावी. बाहेरून आलेल्या फाइलींत बाह्य एंटिटी, म्हणजे दुसऱ्या फाइलीतला मजकूर आत आणणारे संदर्भ, असू शकतात आणि त्यांच्या आडून संगणकावरच्या इतर फाइली वाचण्याचा प्रयत्न होऊ शकतो. रेड हॅटच्या प्लगइनमध्ये बाह्य एंटिटी सोडवणे मुळातच बंद असते, ते तसेच राहू द्यावे. तुमच्या जावा कार्यक्रमात मात्र ते तुम्हालाच बंद करावे लागेल.

आतापर्यंतचे म्हणणे एकत्र करायचे तर, प्लगइनला स्कीमा समजला पाहिजे, कॅटलॉग समजला पाहिजे आणि देवनागरी मजकुराला त्याने धक्का लावता कामा नये. या तिन्ही गोष्टी जमल्या तरी काही चुका कोणतेही प्लगइन पकडू शकत नाही, आणि तुमच्या कामात त्याच सर्वांत गंभीर आहेत. कॅपमध्ये इशाऱ्याचे क्षेत्र सांगणाऱ्या ‘पॉलिगॉन’मध्ये आधी अक्षांश आणि मग रेखांश लिहितात, केएमएलमध्ये आधी रेखांश आणि मग अक्षांश. रत्नागिरी साधारण 17 अंश उत्तर आणि 73.3 अंश पूर्व येथे आहे. हे दोन आकडे उलटले तर बिंदू नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो, आणि स्कीमाच्या दृष्टीने फाइल पूर्णपणे वैध राहते, कारण कोणता आकडा अक्षांशाचा आणि कोणता रेखांशाचा हे स्कीमा तपासत नाही. इशाऱ्याचा पट्टा नकाशावर दिसलाच नाही, तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून निघणाऱ्या तांडेलाला तो आपल्यासाठी आहे हे कळणार नाही. भाषेचेही तसेच. कॅपमध्ये ‘लँग्वेज’ हा घटक ऐच्छिक आहे आणि तो नसल्यास अमेरिकी इंग्रजी गृहीत धरतात. चाचणीसाठी मराठी मजकूर लिहिला आणि मराठीचा भाषा-संकेत विसरला, तर तुमची प्रणाली तो मराठी म्हणून निवडणारच नाही, आणि प्लगइन मात्र समाधानी राहील.

असे नियम तुमच्या जावा चाचण्यांत लिहावेत: प्रत्येक बिंदू कोकण किनाऱ्याभोवतीच्या ठरावीक चौकटीत आहे का, पॉलिगॉनचा पहिला आणि शेवटचा बिंदू एकच आहे का, मराठी मजकुराला मराठीचा संकेत आहे का. त्याच चाचण्यांत जावाच्या अंगभूत स्कीमा-तपासणीने सर्व नमुना फाइली तपासून घ्याव्यात. जावामधला आणि लेमिंक्समधला तपासणीचा गाभा झर्सेस या एकाच घराण्यातला आहे, त्यामुळे ‘सीव्हीसी’ने सुरू होणारे तेच चूक-संकेत दोन्हीकडे दिसतात आणि एकदा वाचायला शिकलात की दोन्हीकडे उपयोगी पडतात. घटकाची जागा चुकली असेल तेव्हा त्या संदेशात ‘येथे यांपैकी एक अपेक्षित होते’ अशी यादी असते. बाकीचा क्लिष्ट भाग सोडून आधी ती यादी वाचावी.

माझ्या शिफारशीवर विसंबून न राहता स्वतः पारख करायची असेल, तर एक लहान फोल्डर तयार करावा. त्यात क्रम उलटलेला कॅप संदेश, नेमस्पेस गाळलेली जीपीएक्स, मराठी नावांनी भरलेली केएमएल आणि सगळा मजकूर एकाच ओळीत असलेली हिशेबाची फाइल ठेवावी. मग इंटरनेट बंद करून प्रत्येक प्लगइनमध्ये त्या उघडाव्यात. पहिल्या दोन फाइलींत नेमकी चूक दाखवणारे, तिसरीत अक्षरे न मोडणारे आणि चौथीत न अडखळणारे प्लगइन तुमच्या कामाचे. नवीन आवृत्ती आली की हीच परीक्षा पुन्हा घेता येते.

इतर पर्यायांविषयी फार लिहीत नाही. तिघेही इंटेलिजेकडे वळणार असाल तर वेगळ्या प्लगइनची गरज नाही; स्कीमा आणि एक्सपाथ दोन्हींची सोय त्यात आहे. ईमॅक्स वापरणाऱ्यांसाठी एनएक्सएमएल मोड उत्तम आहे, परंतु तो रिलॅक्स एनजी या वेगळ्या भाषेतल्या स्कीमावर चालतो आणि तुमचे स्कीमा एक्सएसडीत आहेत. नोटपॅड प्लस प्लसचे एक्सएमएल टूल्स एखादी फाइल पटकन पाहायला पुरते. ऑक्सिजन हा विकतचा संपादक एक्लिप्समध्येही बसवता येतो आणि तो या सगळ्यांहून सरस आहे, विशेषतः स्किमॅट्रॉनचे (स्कीमात न बसणारे) नियम लिहायचे असतील, एक्सएसएलटी (एक्सएमएलचे रूपांतर करणारी भाषा) टप्प्याटप्प्याने तपासायचे असेल किंवा टॅग न दाखवता कार्यालयातल्या लिपिकाकडून मजकूर भरून घ्यायचा असेल तर. तुमच्या वर्णनात आज यांपैकी काहीच दिसत नाही. संस्थेने खर्चाला थोडी रक्कम दिलीच असेल, तर ती तिन्ही संगणकांची रॅम 16 जीबी करण्यावर लावावी.